दाग-शाल ते डाक तिकीट

काश्मिरी शालीचे अभ्यासक आणि डाक तिकिटांचे अभ्यासक एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. जॉन आयर्विन यांचा शालींवरचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. या विषयात शिरणारा आजही तिथूनच सुरुवात करतो. जम्मू-काश्मीर संस्थानाच्या तिकिटांवर आधी डेव्हिड मॅसन यांनी आणि पुढे १९८३ मध्ये फ्रिट्स स्टाल यांनी लिहिले. हे स्टाल म्हणजे केरळातल्या अग्निचयनाचा सांगोपांग अभ्यास करणारे तेच वेदविद्येचे पंडित. ही पुस्तके ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत असतात. नव्या वाचकाला माझी विनंती अशी की त्याने दोन्ही कपाटे एकदमच उघडावीत.

आधी शाल. लडाखच्या चांगथांगमध्ये, चौदा हजार फुटांवरच्या थंडीत, चांगपा लोकांच्या बकऱ्यांच्या जाड केसांखाली ‘पश्मिना’ नावाची मऊ लव वाढते. वसंतात ती विंचरून काढतात. बकरीमागे जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम लव मिळते, आणि तिचा तंतू असतो बारा ते सोळा मायक्रॉनचा. श्रीनगरच्या बायका यंदरवर, म्हणजे तिथल्या चरख्यावर, तिचे सूत कातत आल्या आहेत. कानी शालीत नक्षीचा धागा धोट्याने आरपार जात नाही. लहान लहान लाकडी काड्यांवर एकेक रंग गुंडाळलेला असतो आणि प्रत्येक काडी आपल्या रंगापुरतीच विणून मागे वळते. नक्काश आकृती काढतो, पण विणकरापुढे चित्र नसते. असतो तो ‘तालीम’ नावाचा, खुणांनी लिहिलेला कागद: कोणता रंग, किती ताणे. दाट नक्षीची शाल वर्ष-दीड वर्ष मागावर राहू शकते.

इतके मोलाचे कापड राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. अफगाण अमलात सुभेदार हाजी करीमदाद खानाने शालीवर कर बसवला. सरकारी छाप उठल्याशिवाय शाल विकता येत नसे आणि छापासाठी किमतीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम भरावी लागे. हा ‘दाग-शाल’ महकमा शीख आणि डोगरा राजवटींतही टिकला. १८४६ च्या अमृतसर तहात डोगरा राजा गुलाबसिंगाने इंग्रजांना दरसाल एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या आणि तीन शालजोड्या देण्याचे कबूल केले. या शालजोड्याही याच विणकरांच्या मागावरूनच यायच्या होत्या. विणकराला धंदा सोडण्याचीही मोकळीक नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगर भागात शालबाफ, म्हणजे शालींचे विणकर, रस्त्यावर उतरले. सैन्याने त्यांना हुसकावले, आणि त्या दिवशी २८ जण मेल्याचे सांगितले जाते. शालीवरच्या पुस्तकांत फ्रान्सच्या जोसेफिन सम्राज्ञीच्या शाली पानेच्या पाने अडवतात. झालडगरला एखादा परिच्छेद मिळाला तर मिळाला, आणि हे मला सलते.

पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, याच संस्थानाने पहिली डाक तिकिटे काढली. अर्धा, एक आणि चार आण्यांची ही गोल तिकिटे स्थानिक हातकागदावर, पाण्यात कालवलेल्या रंगांनी, एकेक हाताने ठसा मारून उठवलेली होती. ठसे कोरले श्रीनगरच्या राहत जू या मुद्राकाराने. त्यांवर शालीचे चित्र नाही, आहेत फक्त अक्षरे. तरी शालीच्या अभ्यासकाने ती जरूर पाहावीत. कारागिराच्या हाताने कोरलेली मुद्रा आणि तिच्या जोरावर वसूल होणारी रक्कम या दोन्ही गोष्टी श्रीनगरच्या मागांना फार आधीपासून माहीत होत्या. १८९४ मध्ये टपाल ब्रिटिश हिंदुस्थानच्या खात्याकडे गेले आणि ही तिकिटे बंद झाली. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपातली मागणी आटल्याने शालीचा व्यापार त्याआधीच बसला होता.

स्वतंत्र भारताच्या तिकिटांवर हातमागाला मान मिळाला. २६ जानेवारी १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेत दोन आण्यांवर सूत कातणारी स्त्री आहे, तीन आण्यांवर हातमागावरची स्त्री, दहा आण्यांवर आपला मरीन ड्राइव्ह आणि चौदा आण्यांवर काश्मीरचा देखावा. माग एका तिकिटावर, काश्मीर दुसऱ्यावर! २००९ च्या पारंपरिक वस्त्रांच्या संचात कलमकारी, अपातानी विणकाम, कांचीपुरम आणि बनारसी रेशीम आले. त्या चौघांत काश्मिरी शाल नव्हती. तिकिटावर कोणते वस्त्र येते आणि विणणारा त्यात दिसतो का, हे प्रश्न म्हणूनच फुटकळ नाहीत.

शालीवर आज पुन्हा एक खूण उमटते. २००८ मध्ये काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंतू सोळा मायक्रॉनच्या आत असेल, सूत हातचे असेल आणि विणही हातची असेल, तरच श्रीनगरच्या तपासणी केंद्रात शालीला चिठ्ठी लागते. जुन्या दागाने विणकराकडून घेतले. नव्या चिठ्ठीने त्याला द्यावे अशी अपेक्षा आहे. ती कितपत पुरी होते, हे कातणाऱ्या बाईच्या हातात पडणाऱ्या मजुरीवरून मोजावे लागेल.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. पेशवाईत मानाच्या पोशाखाबरोबर शालजोडी दिली जाई, आणि आजही शाल-श्रीफळावाचून आपला सत्कार होत नाही. सुरुवात अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयापासून करता येईल. जिथे शक्य असेल तिथे शालीची उलट बाजू पाहावी: कानीत प्रत्येक रंग आपापल्या हद्दीत वळलेला दिसतो, सुईकामात टाके दिसतात, आणि वेगवेगळ्या मागांवर विणलेले तुकडे रफूगराने जिथे जोडले, तो सांधाही नीट पाहिल्यावर सापडतो. संस्थानी तिकिटे पाहताना मात्र बनावट आणि मागाहून छापलेल्या प्रतींपासून सावध राहावे. अशा प्रती बाजारात पुष्कळ आहेत, आणि त्या ओळखायला आधी कागद तपासावा, रंग नंतर.