भेंडीचा हळद्या : शंभर वर्षांची गोष्ट, पुण्यापासून परसापर्यंत



परवा सकाळी परसातल्या भेंडीची दोन झाडं मुळासकट उपटली आणि जाळून टाकली. सूनबाई म्हणाली, "आबा, भेंड्या लागत होत्या की त्याला. भाजीपुरत्या तरी निघाल्या असत्या." तिचं काही चुकलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमची आई हेच म्हणाली होती. तेव्हा मी आईचं ऐकलं आणि आख्खी ओळ गेली. म्हणून आज या रोगाची जुनी हकिगत लिहितो. ती बरीचशी आपल्या पुणे जिल्ह्यातच घडली आहे, आणि परसात दहा झाडं लावणाऱ्यालाही उपयोगी आहे.

आमच्याकडं मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं दोन्ही कडेला भेंडी असायची. बी विकत आणायची पद्धत नव्हती. शेवटी शेवटी चांगल्या झाडावरच्या चार-पाच भेंड्या आई तशाच वाळू द्यायची आणि बी राखेत घालून डब्यात ठेवायची. त्या भेंडीला सगळे 'सावनी' म्हणायचे. ती कुठून आली हे कुणी विचारलं नव्हतं.

१९८६ साली मी दहावीला होतो. त्या पावसाळ्यात एका झाडाची कोवळी पानं पिवळी पडली. शेजारच्या जाणत्या माणसानं सांगितलं, "लोह कमी पडलंय, हिराकस टाक." हिराकस टाकलं, वर युरियाही टाकला. झाड उपटायचं माझ्या मनात होतं, पण आई म्हणाली, राहू दे, भेंड्या येतायत. पंधरा-वीस दिवसांत ओळभर पिवळं झालं. भेंड्याही पिवळ्या, आखूड आणि निबर. त्या वर्षी बी धरायला एक झाड राहिलं नाही. आईच्या डब्यातलं वाण तिथंच संपलं.

आता कळतं की पानाकडं नीट बघितलं असतं तरी पुरे होतं. लोह कमी असेल तर पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. हळद्यात उलटं होतं. आधी शिरा पिवळ्या होतात, त्यांची जाळी दिसते आणि मधे हिरवे तुकडे राहतात. पुढं सगळंच पान पिवळं पडतं. हळद्याला कुणी केवडा म्हणतं, पुस्तकात येलो व्हेन मोझॅक लिहितात. रोग एकच.

या रोगाची लेखी नोंद पहिल्यांदा १९२४ साली झाली. कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या मोझॅक रोगांवर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात लिहिलं, त्यात भेंडीचा हा रोग आहे. म्हणजे आपल्यापासून साठ-एक किलोमीटरवर शंभर वर्षांपूर्वी हा रोग ओळखला गेला होता.

पुढं १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी हा रोग विषाणूचा आहे हे दाखवलं. १९५० साली कपूर आणि वर्मा यांचा मोठा लेख आला. त्या काळच्या कामातून ज्या गोष्टी पक्क्या झाल्या, त्यावर आजही सगळं उभं आहे. हा रोग पांढरी माशी पसरवते. रोगट पानाचा रस नुसता चोळून तो लागत नाही. बियातूनही येत नाही. मातीत खत कमी-जास्त झाल्यानं तर अजिबात येत नाही. माझं हिराकस का वाया गेलं त्याचं उत्तर मी जन्मायच्या आधीच छापून तयार होतं. फक्त आमच्या वाड्यापर्यंत आलं नव्हतं.

आता 'सावनी'चं बघा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी पश्चिम बंगालमधून आलेल्या एका भेंडीचा (नंबर आयसी १५४२) पुसा मखमली या वाणाशी संकर केला. त्यातून १९६० च्या आसपास 'पुसा सावनी' आलं. सावन म्हणजे श्रावण. पावसाळ्यातच हळद्या जास्त. हे वाण देशभर पसरलं आणि आमच्या मोरीपर्यंत पोचलं. पण एक गोष्ट होती. ती बंगालची भेंडी विषाणू अंगात असूनही पिवळेपणा दाखवत नव्हती. रोग बाहेर थांबत नव्हता, झाड तो सोसत होतं. वीसेक वर्षांत सावनीची ती सोसायची ताकद गेली. १९८६ ला आमच्या परसात जे झालं ते तोवर देशात सगळीकडं व्हायला लागलं होतं.

नुकसान केवढं, तेही मोजलेलं आहे. शास्त्री आणि सिंग यांनी १९७४ साली छापलेले आकडे असे : उगवणीनंतर ३५ दिवसांत रोग आला तर उत्पादनात ९४ टक्के घट, ५० दिवसांनी आला तर ८४ टक्के, ६५ दिवसांनी आला तर ४९ टक्के. म्हणजे पहिले दोन-सव्वादोन महिने राखले तर निम्मं तरी हाती लागतं.

यावर उतारा निघाला आपल्याच राज्यात. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या जातीत शोधत न बसता तिच्या भाऊबंदांकडं बघितलं. ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट ही भेंडीची चुलत जात. तिला हळद्या होत नव्हता, पण ती भाजीच्या कामाची नाही. तिचा संकर त्यांनी पुसा सावनीशी केला. अशा लांबच्या सोयरिकीत पहिल्या पिढीला बी नीट धरत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा सावनीशीच संकर करत, दर पिढीला निरोगी झाडं निवडत जावं लागलं. त्यातून 'परभणी क्रांती' उभी राहिली. १९८६ साली अमेरिकेतल्या बागायतीच्या एका शास्त्रीय मासिकात तिच्यावर लेख आला. आमची ओळ गेली तेच हे साल.

मला परभणी क्रांतीचं बी नंतर मिळालं. कोवळी हिरवी भेंडी, पानं हिरवीगार. बरीच वर्षं निभावलं. मग एके वर्षी तिच्यातही पिवळी पानं दिसली. तोवर संकरित वाणं आली होती. एका दुकानदारानं छातीठोक सांगितलं, "याला हळद्या येतच नाही." दोन हंगाम नाही आला, तिसऱ्याला आला. मी भांडायला गेलो नाही, कारण तोवर मला कळलं होतं की रोग येत नाही असं वाण कायमचं नसतं. २००३ साली मदुराईच्या संशोधकांनी दाखवलं की या विषाणूबरोबर एक छोटा जोडीदार असतो, आणि दोघं मिळून हा रोग करतात. असे विषाणू बदलत राहतात. वाण आहे तिथंच राहतं.

आपल्या भागात अजून एक गोष्ट बदलली, हे माझं निरीक्षण आहे. पूर्वी उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या आणि चैत्र-वैशाखात परसात हिरवं काही उरायचं नाही. डिंभ्याचं पाणी आलं आणि बारा महिने टोमॅटो, वांगी, वाल, भेंडी सुरू झालं. पाण्यानं आपलं भलं केलं, त्यात शंका नाही. पण पांढऱ्या माशीचा उपासही सुटला. आणि जुनी पिवळी भेंडी उभी असतानाच शेजारी नवी उगवली, तर रोगाला एका ओळीतून दुसरीत जायला वेळ लागत नाही.

म्हणून परसात मी हे पाळतो. जुनी ओळ काढून टाकल्याशिवाय नवीन बी टोकत नाही. पहिले दोन महिने रोज सकाळी पानं उलटून बघतो. शिरा पिवळ्या दिसलेलं झाड त्याच दिवशी उपटतो, भेंड्या लागलेल्या असल्या तरी. पिवळे चिकट सापळे लावतो, पाच टक्के निंबोळी अर्क मारतो, भोवती मक्याची दाट ओळ घेतो. तोडा एक दिवसाआड.

बी मी पुन्हा धरायला लागलोय, पण सरळ वाणाचंच, संकरिताचं नाही. विषाणू बियातून येत नाही म्हणून कुठल्याही झाडाचं धरावं, असं मात्र नाही. रोगातही हिरव्या राहिलेल्या झाडाचंच धरायचं, कारण ती ताकद बियातून उतरते. भेंडीत मधमाशीमुळं थोडी सरमिसळ होते, म्हणून उद्या उमलणाऱ्या कळीला आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधतो.

आमची आई राखेच्या डब्यात नेमकं चांगल्या झाडाचंच बी ठेवायची. तिला विषाणू माहीत नव्हता, निवड माहीत होती. आणि मला उपटायचं सुचलं होतं, धीर झाला नाही. या दोन गोष्टी त्या वर्षी एकत्र आल्या असत्या तर कदाचित एखादं झाड वाचलं असतं.

परवा सूनबाईला हे सगळं सांगितलं. काल तिनंच तिसरं झाड दाखवलं आणि मी पोचायच्या आत उपटलंही.