रसेल आणि चेंबरलेन : बचाव व आक्रमणाचे मोजमाप

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल स्पर्धेतील थोर सेंटर विल्ट चेंबरलेन यांनी १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले. त्यांचे प्रतिस्पर्धी बिल रसेल यांची कारकिर्दीतील सरासरी अवघी १५.१ होती, तरीही त्यांच्या १३ हंगामांत बोस्टन सेल्टिक्सने ११ विजेतेपदे पटकावली. अडवलेला चेंडू मैदानाबाहेर न भिरकावता ते सहकाऱ्याकडे वळवीत आणि तेथूनच प्रतिहल्ला सुरू होई. दुर्दैवाने, अडवलेल्या फेकींची अधिकृत नोंद १९७३-७४ पासूनच होऊ लागली. त्यामुळे निव्वळ आकडे रसेल यांच्यावर अन्याय करतात. १९६७ मध्ये मात्र चेंबरलेन यांनी स्वतःच्या फेकी कमी करून सहकाऱ्यांना चेंडू पुरवला. फिलाडेल्फियाने पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत सेल्टिक्सला हरवले आणि पुढे विजेतेपदही मिळवले.