द्रव्यवेद व भाववेद
जैन कर्मसिद्धांतातील एक भेद. देहाचे स्त्री, पुरुष वा नपुंसक असणे म्हणजे द्रव्यवेद. तो नामकर्माने ठरतो. मनातील कामभाव म्हणजे भाववेद. तो मोहनीय कर्माच्या उदयाने येतो. दोहोंचा मेळ बसेलच असे नाही. प्रश्न पेटला तो मोक्षाच्या निमित्ताने : स्त्रीदेहाने मोक्ष मिळतो का? दिगंबरांच्या मते नाही. मग त्यांच्याच ‘षट्खंडागम’ या आगमग्रंथातील ‘मनुष्यिणी’ (मानवी स्त्री) संयमी (साधुव्रती) कशी, या पेचावर दिगंबर आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ टीकेत (नववे शतक) तोड काढली : ती भावाने स्त्री, देहाने पुरुष. सोयीची, पण कसलेल्या तार्किकाची तोड. यापनीय या जैन पंथाच्या शाकटायनांनी ‘स्त्रीनिर्वाणप्रकरणा’त स्त्रीदेहालाच मोक्ष असल्याचे प्रतिपादिले. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून ‘षट्खंडागम’ छापला, तेव्हा सूत्र ९३ मध्ये ‘संजद’ (संयत) हा शब्द हवा की नको, यावरून वाद पुन्हा उसळला.

भाववेद मुख्यतः कामेच्छेविषयी असल्याने आजच्या लिंगभाव-ओळखीशी त्याची सरसकट बरोबरी करणे घाईचे आहे. विज्ञानातही देहाचे गणित सरळ नाही. पुरुषदेहाला चालना देणारे एसआरवाय जनुक १९९० मध्ये सापडले. तरी अँड्रोजेन-असंवेदनशीलता (पुरुषी संप्रेरकांना देहाने प्रतिसाद न देणे) पूर्ण असल्यास एक्सवाय गुणसूत्रे असूनही बाह्यतः स्त्रीदेह घडतो. लिंगभाव-ओळखीचे एकच एक जैविक कारण सापडलेले नाही.