आगाशी : गलबतांची आणि सुकेळ्यांची

विरार स्टेशनावर उतरून पश्चिमेची वाट धरली, की दीडएक कोसावर आगाशी लागते. ज्यांनी आगाशीची सुकेळी चाखली आहेत, त्यांना या गावाची गोडी निराळी सांगायला नको. पण सुकेळ्यांच्या आधी आगाशीचे नाव जहाजांसाठी घेतले जाई, हे ठाऊक असणारे थोडेच.

सोळाव्या शतकाच्या आरंभी आगाशी हे गुजरातच्या सुलतानाच्या अमलातले भरभराटीचे बंदर होते. जवळच वैतरणेचे मुख, मागे रानातले सागवान. मग सुतारांचे हात रिकामे कसे राहावेत? युरोपपर्यंत जाऊ शकतील अशी जहाजे येथे बांधता येतात, अशी ख्याती होती. ती ख्यातीच गावाला भोवली म्हणावयाची! १५३० साली आणि पुन्हा १५३१ साली पोर्तुगीजांनी आगाशी लुटली. गुजरातची ३०० गलबते त्यांच्या हाती लागली म्हणतात. आकडा फुगवलेलाही असेल. जेत्यांचे आकडे असेच असतात. १५३४ च्या तहाने तर वसईचा सारा मुलूखच त्यांना मिळाला.

पुढील दोन शतकांत या पट्ट्यातली कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. १७३९ त चिमाजी आप्पांनी वसई घेतली, १८१८ पर्यंत इंग्रज आले. राज्ये पालटली, पण चुलीपाशी बोलली जाणारी बोली पालटली नाही. या भागातील सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची कादोडी बोली आजही एकच आहे. देव्हारे निराळे, हाका मात्र सारख्या. वाडवळ, भंडारी, कोळी, आदिवासी हेही येथलेच.

१८६७ त विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली आणि वाड्यांतली केळी, पाने, फुले, भाजी शहराच्या दारी गेली. बावखलांच्या पाण्यावर राजेळी पोसायची, पिकली की सोलून उन्हात वाळवायची, तीच सुकेळी.

पुढे त्याच गाडीने माणसे उलट दिशेने आणली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. गावे तीत घालण्याविरुद्ध येथले लोक रस्त्यावर उतरले होते. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाखांवर भरली. परिसरातली कित्येक बावखले बुजली, त्यांवर इमारती उठल्या. नव्या बिऱ्हाडांना तरी दोष कसा द्यावा? मुंबईत जागा परवडेना म्हणून ती आली.

राजेळीची लागवड मात्र घटली आहे. सुकेळी हवी असतील, तर आता ओळखीच्या घरी आधी सांगून ठेवावे लागते.