पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल

निकेल-कॅडमियमचा सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली तयार केला, पण तो उघडा व द्रवाने भरलेला होता. चार्ज होताना सुटणारा वायू आतच जिरवणारा बंद सेल १९४७ च्या सुमारास साधला आणि मगच तो घरगुती उपकरणांत शिरू शकला. त्याचा दाब १.२ व्होल्ट, साध्या सेलचा १.५. हा फरक दिसतो तेवढा अडचणीचा नाही : साध्या सेलचा दाब वापरात सतत उतरत जातो, याचा शेवटपर्यंत बराचसा टिकतो. खरा दोष कॅडमियमच्या विषारीपणाचा.

१९८९ च्या सुमारास बाजारात आलेल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये कॅडमियमची जागा हायड्रोजन धरून ठेवणाऱ्या मिश्रधातूने घेतली. क्षमता दुपटीहून वाढली. मात्र नुसते कपाटात ठेवले तरी काही आठवड्यांत सेल बरेच उतरत. भिंतीवरच्या घड्याळाला किंवा रिमोटला असे सेल काय कामाचे? २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने आणलेला ‘एनेलूप’ वर्षभर पडून राहिल्यावरही बहुतांश चार्ज राखत असे. घरगुती वापरापुरती ही सुधारणा क्षमतावाढीहून मोलाची ठरली.

सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट, त्यामुळे तो पेन्सिल सेलच्या जागी थेट चालत नाही. हल्ली दाब १.५ व्होल्टवर आणणारे सर्किट आत बसवलेले लिथियम सेल त्याच आकारात मिळतात. ते निकेल सेलच्या चार्जरमध्ये लावू नयेत.