कुजक्या चाऱ्याची साक्ष

विषानेंच अमृताचें रहस्य उलगडून दाखवावें, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासांत विरळा. 'के' जीवनसत्त्वाची कथा त्यांपैकीं एक होय.

१९२९ च्या सुमारास कोपनहेगन येथें हेनरिक डाम हे कोलेस्टेरॉलसंबंधीं प्रयोग करीत असतां, स्निग्धांश काढलेल्या खाद्यावर ठेवलेल्या कोंबडीच्या पिलांच्या अंगांत रक्तस्राव होऊं लागला. खाद्यांत उणें असलेल्या द्रव्याचा माग काढून त्यांनीं १९३५ सालीं त्यास 'के' हें नांव दिलें. डॅनिश भाषेंत रक्त गोठण्यास जो शब्द आहे, त्याचें तें आद्याक्षर.

त्याच काळीं कॅनडा व अमेरिका येथील गुरें बुरशी चढलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन रक्तस्रावानें मरत होतीं. १९३३ च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळांतून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्तानें भरलेलें दुधाचें भांडें घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारीं आला. कुजका चारा बंद करा, यापलीकडे त्यास सांगण्याजोगें फारसें कांहीं नव्हतें. चाऱ्यांतील विष, डायकूमारॉल, शुद्ध रूपांत हातीं आलें तें १९३९ सालीं.

'के' जीवनसत्त्व या विषाचा उतारा ठरतें, हें पुढें कळलें. परंतु तें कसें, हें समजण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. स्वीडनमध्यें योहान स्टेनफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी गाईंच्या रक्तांतील प्रोथ्राँबिन हें प्रथिन डायकूमारॉल दिलेल्या गाईंच्या प्रथिनाशीं ताडून पाहिलें. प्रथिन दोहींकडे होतें. पण विष दिलेल्या गाईंच्या प्रथिनास कॅल्शियम नीट धरून ठेवतां येईना. निरोगी प्रथिनाच्या आरंभींच्या भागांत दहा ग्लुटामिक आम्लांना एकेक कार्बॉक्सिल गट अधिक जोडलेला असतो. तोच येथें नव्हता.

म्हणजे हें जीवनसत्त्व प्रथिनाचा घटक नव्हे. तें यकृतांतील कारागिराचें हत्यार होय. प्रथिनाची सांखळी तयार झाल्यावर एक विकर या हत्यारानें तो गट जोडतें. प्रत्येक जोडणीस हत्यार बोथट होतें आणि दुसरें विकर त्यास पुन्हा धार लावतें. विष नेमकी ही सहाणच हिरावून घेतें. मग कॅल्शियमच्या योगें जखमेच्या ठिकाणीं चिकटून बसण्याची शक्ति प्रथिनांत उरत नाहीं.

त्याच विषाच्या कुळांतील वॉरफरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं निघालें आणि १९५४ पासून, मापून दिलें असतां, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या रोग्यांचें औषध बनलें. त्या शेतकऱ्याच्या कालवडीस मात्र यांतलें कांहींच वेळेवर लाभलें नाहीं. विद्या ज्यांच्या दुःखावर पोसते, त्यांसच तिचें फळ क्वचित् मिळतें. म्हणून तरी बर्फ तुडवीत आलेल्या त्या माणसाची आठवण आपण ठेवावी.