शेतातली विहीर आणि घरपट्टीचा न्याय

घराची डागडुजी केली म्हणून घरपट्टी वाढावी का, या वादाचा निवाडा करायला बुलढाणा जिल्ह्याचा महसुली इतिहास उपयोगी पडतो. 1853 च्या तहाने निजामाने बुलढाण्यासह वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि 1861 पासून तिथे मुंबई प्रांताच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. मातीचा पोत आणि खोली पाहून शेताची प्रत आण्यांत ठरे, बाजार व रस्ते किती जवळ आहेत यावरून गावांचे गट पडत आणि सारा साधारण 30 वर्षांसाठी कायम होई. 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, कापसाला जवळची वाहतूक मिळाली. अशा सोयींनी जमिनीचे मोल वाढले, तर फेरआकारणीत त्याचा वाटा मागण्यात सरकारला गैर वाटत नसे. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने खोदलेल्या विहिरीची गोष्ट मात्र वेगळी होती. खासगी भांडवलाने केलेल्या सुधारणेमुळे सारा वाढवू नये, हे तत्त्व मुंबईच्या 1879 च्या जमीन महसूल कायद्यात स्पष्ट लिहिले गेले.

हेच तत्त्व घराला लावावे, असे माझे म्हणणे आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी आज भांडवली मूल्यावर ठरते. जागेचा दर, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, इमारतीचे वय आणि वापर यांचा त्यात हिशेब असतो. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना 8 मध्ये, घराची ही ओळख नोंदलेली असते. मातीच्या घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहिले, वर मजला चढला किंवा ओसरीत दुकान निघाले, तर नोंद बदलणे रास्तच. पण गळकी कवेलू काढून टिनपत्रे टाकली, भिंतींना गिलावा केला, फरशी बसवली, एवढ्यावरून जुने घर ‘नवे’ ठरवून त्याच्या वयाची घट काढून घेणे अन्याय्य आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. जमीन निसर्गाची देणगी, घर मात्र अख्खे माणसाच्या श्रमाचे. श्रमाला सूट दिली तर घरावर कर उरेलच कसा? म्हणूनच मी सरसकट माफी मागत नाही. नवे क्षेत्रफळ, नवा प्रकार आणि नवा वापर यांवर कर असावा. आहे ते टिकवणाऱ्या खर्चावर नसावा. दुसरा आक्षेप ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा. नळ, दिवे, गटारे फुकट होत नाहीत, हे खरे. पण डागडुजीने त्या सोयींवरचा भार वाढत नाही. उलट ती कराला कारण होणार असेल, तर माणसे दुरुस्ती टाळतील आणि पडक्या घरांतून पंचायतीलाही फार काही मिळणार नाही. रस्ता आला, बाजार वाढला, तर जागेचा दर वाढतो आणि त्याचा वाटा गावाला मिळण्याची सोय सूत्रातच आहे.

म्हणून हरकत घेताना नुसते ‘कर जास्त झाला’ म्हणणे पुरेसे नाही. नमुना 8 चा उतारा काढून लांबी-रुंदी, प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर यांपैकी नेमके काय चुकले, ते लेखी दाखवावे. ग्रामपंचायतीत दाद लागली नाही तर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायत समितीकडे अपिलाची वाट ठेवली आहे. मुदत पाळून ती वापरणे म्हणजे गावाशी भांडण नव्हे. कर कशावर आणि का, याचे उत्तर मागण्याचा तो नागरिकाचा हक्क आहे.